शासकीय सेवांसाठी सर्व्हिस डिझायनर व्हायचे आहे. सुरुवात कशी करावी?

प्रश्न (पुणे)

नमस्कार. गेली सहा वर्षे मी एका कंपनीत मोबाइल ॲपच्या स्क्रीन आखते. गेल्या नोव्हेंबरमध्ये आत्याच्या हयातीच्या दाखल्यासाठी तिच्यासोबत केंद्रावर गेले होते. आयुष्यभर धुणीभांडी करून झिजलेल्या तिच्या बोटांचे ठसे यंत्राने चार वेळा नाकारले आणि दर वेळी तिने बोट पदराला पुसून पुन्हा काचेवर ठेवले, जणू चूक तिचीच होती. त्या दिवसापासून याच क्षेत्रात, म्हणजे फक्त स्क्रीन नव्हे तर सेवा घेणाऱ्याची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची सगळी वाट आखण्याचे, काम करावे असे वाटते. यासाठी वेगळी पदवी लागते का, आणि पोर्टफोलिओत काय दाखवावे?

उत्तर १ (लंडन)

मी इथल्या सरकारी सेवांवर काम करते. ब्रिटनमध्ये 2011 साली गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस ही सरकारी सेवा ऑनलाइन आणणारी संस्था स्थापन झाली आणि आज सर्व्हिस डिझायनर हे सरकारी सेवेतले रीतसर पद आहे. सेवा ज्या चौदा निकषांवर तपासल्या जातात, त्यांतला पाचवा निकष ती सेवा सर्वांना वापरता यावी हा आहे. त्यामुळे संकेतस्थळ उत्तम असूनही ज्याला ते वापरता येत नाही त्याची सोय कशी होणार, याचे उत्तर तयार ठेवावेच लागते. पदवी असल्यास उपयोग होतो (मुंबईच्या आयआयटीत आयडीसी हा 1969 साली स्थापन झालेला डिझाइनचा विभाग आहे), पण निवड करताना आम्ही उमेदवाराची विचार करण्याची पद्धत पाहतो. आत्याची ती फेरीच पोर्टफोलिओत मांडा: दाखला हवा हे त्यांना कुणी सांगितले, किती वेळ उभे राहावे लागले, आणि ठसा नाकारला गेल्यावर पुढे काय करायचे हे ठरवण्याचा अधिकार तिथे कुणाकडे होता? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

उत्तर २ (नाशिक)

मी दृष्टिहीन आहे आणि स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर) काम करतो. ठशांना पर्याय म्हणून 2021 मध्ये चेहऱ्यावरून हयात नोंदवण्याची सोय आली आणि अनेक ज्येष्ठांचा त्रास वाचला, परंतु कॅमेऱ्यासमोर चेहरा नेमका धरणे किंवा सूचनेबरहुकूम डोळे मिचकावणे प्रत्येकाला जमतेच असे नाही. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना बँकेच्या केवायसीत हीच अडचण आली. त्यांच्या याचिकेवर 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. एकासाठी उघडलेले दार दुसऱ्याला बंद असू शकते, म्हणून दुसरी वाट पहिल्या दिवसापासून आखलेली असावी. आम्हाला चाचणीसाठी बोलवा, तेही सुरुवातीलाच, आणि त्या वेळेचे मानधन द्या. सगळे बांधून झाल्यावर आमचे मत विचारले की त्यातून फक्त बटणांची नावे बदलतात.

उत्तर ३ (सातारा जिल्हा)

मी दाखल्यांचे केंद्र चालवतो. ठसा उमटला नाही तर चेहऱ्याचा पर्याय आहे, आणि घरी येऊन नोंद करणारे पोस्टमनही आहेत, पण मागे तीस माणसे ताटकळत असताना हे समजावून सांगायला उसंत मिळत नाही. आजी मात्र आपलीच बोटे खराब म्हणून खाली मान घालून परत जाते, आणि ते पाहून जीव तुटतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात इकडे या, ताई. माझ्या शेजारची खुर्ची तुमच्यासाठी ठेवतो.