८०० सीसीची गाडी चढाला ओढत नाही; काय करावे?

प्रश्न : पसरणीचा_प्रवासी

माझ्याकडे २०१४ ची, तीन सिलिंडरची ८०० सीसी पेट्रोल हॅचबॅक आहे. पूर्वी चौघे बसलेले असतानाही ती वाईहून पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चढून जात असे. गेल्या वर्षभरात मात्र एसी चालू असला की दुसऱ्या गिअरमध्येही मंदावते आणि वळणावर पहिला गिअर टाकावा लागतो. मायलेजही लिटरमागे दोन-तीन किलोमीटरने घटले आहे. एका दुकानदाराने फ्री-फ्लो एक्झॉस्ट (धूर मोकळेपणाने बाहेर सोडणारा सायलेन्सर), जास्त हवा खेचणारा एअर फिल्टर आणि ईसीयू रीमॅप (इंजिनाच्या संगणकाच्या सेटिंग बदलणे) असे एकत्रित काम सुचवले आहे. हा खर्च करावा का?

उत्तर : गॅरेजवाला_बापू

तूर्त करू नये. गाडी पूर्वी ओढत होती आणि आता ओढत नाही, शिवाय मायलेजही घसरले आहे, याचा अर्थ ताकद कुठेतरी वाया जात आहे किंवा पेट्रोल नीट जळत नाही.

सर्वप्रथम ब्रेक पाहा. सपाट, मोकळ्या रस्त्यावर शक्यतो ब्रेक न वापरता काही किलोमीटर गाडी चालवावी, न्यूट्रलमध्ये आपोआप थांबू द्यावी आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन पाहावा (थेट हात लावू नये, भाजतो). एखादे चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम लागले, तर तिथला ब्रेक अडकतो आहे असे समजावे. मोठ्या इंजिनाच्या गाडीत असा दोष महिनोन्महिने लक्षात येत नाही; एवढ्याशा इंजिनाला तो लगेच जाणवतो.

त्यानंतर क्लच. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नसेल, तर क्लच प्लेट घसरते आहे. दोन्ही ठीक असल्यास एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि थ्रॉटल बॉडीवरचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेवरचा) कार्बन पाहावा. थर्मोस्टॅट (इंजिन थंड करणारे पाणी सोडणारी-अडवणारी झडप) उघडाच अडकला असेल तर इंजिन पुरेसे तापत नाही, ईसीयू जादा पेट्रोल सोडत राहतो आणि मायलेज पडते. हा दोष बहुतेक ठिकाणी कोणी तपासतच नाही. आणखी एक साधी गोष्ट म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर थ्रॉटल खरोखर पूर्ण उघडतो का, की पायाखालची जाड मॅट पेडलला अडवते, हेही पाहून घ्यावे.

उत्तर : सह्याद्री_ड्रायव्हर

बापूंशी सहमत आहे. रीमॅपचा खरा फायदा टर्बो इंजिनाला (ज्यात हवा दाबून भरली जाते) होतो. बिनटर्बोच्या लहान इंजिनात पदरात पडणारी वाढ इतकी थोडी असते की ती एसी बंद केल्यानेही मिळते. फ्री-फ्लो एक्झॉस्टने आवाज वाढतो, पण घाटात लागणारा खालच्या आरपीएमचा (इंजिनाचे मिनिटाला फेरे) टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, अनेकदा उलट कमी होतो. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत मनाजोगे बदल करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे आणि विम्याच्या दाव्याच्या वेळी त्यावरून वाद होऊ शकतो.

या वर्गातल्या ऑल्टो ८०० चे आकडे पाहा : ४८ पीएस (अश्वशक्ती) ताकद ६००० आरपीएमला आणि ६९ न्यूटन-मीटर टॉर्क ३५०० आरपीएमला. म्हणजे मायलेजच्या हौसेने लवकर वरचा गिअर टाकून घाटात इंजिन दोन हजारांवर रेंगाळत ठेवले, तर ते ओढणार तरी कसे? दुसऱ्या गिअरमध्ये पस्तीस-चाळीसचा वेग राखावा आणि आवाज वाढला म्हणून घाबरू नये. त्यातच उंचीमुळे हवा विरळ होते, दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद जाते; साडेचार हजार फुटांच्या आसपास असलेल्या महाबळेश्वरला पोहोचेपर्यंत ४८ पैकी जेमतेम ४२ पीएस हाती उरतात. त्याला कोणताही मेकॅनिक काही करू शकत नाही.

प्रश्नकर्ता : पसरणीचा_प्रवासी

दोघांचेही आभार. मागचे डावे चाक खरोखर तापत होते. जॅकवर उचलून हाताने फिरवले तर अर्ध्या फेरीतच अडत होते. ब्रेकचा ड्रम उघडल्यावर व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारा चाकातला भाग) गंजून अडकलेला निघाला. तो बदलला आणि काळे पडलेले प्लगही बदलून घेतले. काल घाट पुन्हा दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चढली, फक्त तीव्र वळणांवर एसी बंद करावा लागला. उजव्या बाजूचा सिलिंडरही बदलावा का?

उत्तर : गॅरेजवाला_बापू

त्याच्या टोकांवरची रबरी झाकणे (बूट) उलटून पाहा. आत ओल किंवा गंज दिसला तर बदलावा, कोरडा असेल तर राहू द्यावा. मात्र ब्रेक ऑइल संपूर्ण बदलून घ्या. ते हवेतील ओलावा शोषते आणि सिलिंडर आतून गंजतो तो त्यामुळेच. हँडब्रेकची केबल सोडल्यावर पूर्ण मागे येते की नाही, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे.