ऑटोमॅटिक ए८० सुप्रा: टीएच४०० नको, आठ गिअरचा झेडएफ टाका

बूस्टवाला (ह्यूस्टन)

चौथ्या पिढीची टोयोटा सुप्रा, म्हणजे ए८० (१९९३ ते २००२), म्हटलं की सगळ्यांना सहा गिअरची मॅन्युअल आठवते. पण त्याच टू-जेझेड-जीटीई टर्बो इंजिनाबरोबर टोयोटा चार गिअरचा ऑटोमॅटिकही देत होती, ए३४०ई. अमेरिकेत २५ वर्षांपेक्षा जुनी गाडी आयात करता येते, त्यामुळे जपानी बाजारातल्या या ऑटोमॅटिक सुप्रा आता इथे येतात आणि मॅन्युअलपेक्षा स्वस्त मिळतात. मालक मोठा सिंगल टर्बो लावतो, ताकद दुप्पट होते आणि मूळ गिअरबॉक्स घसरायला लागतो. मग जो तो एकच सल्ला देतो: जनरल मोटर्सचा तीन गिअरचा टीएच४०० टाक आणि मोकळा हो.

रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी हा सल्ला चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. "किती टॉर्क सोसतो" हा प्रश्न सगळे विचारतात. टर्बो बूस्टमध्ये राहतो का, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरत राहतो का, आणि हायवेवर इंजिन किती फिरतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

आकडे बघा. ए३४०ईचे गिअर (गुणोत्तरं, म्हणजे बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे) २.८०, १.५३, १.०० आणि ०.७१. रेडलाइनला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या मर्यादेला, ६८०० आरपीएमला (मिनिटाला फेरे), पहिल्यातून दुसरा पडला की इंजिन साधारण ३७००वर येतं. मोठा टर्बो ४५००च्या आसपास जोर धरत असेल तर इथे गाडीचा दम जातो. झेडएफ या जर्मन कंपनीच्या ८एचपी७० ऑटोमॅटिकचे गिअर ४.७१, ३.१४, २.११, १.६७, १.२९, १.००, ०.८४ आणि ०.६७. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना इंजिन ४५००च्या वर राहतं, आणि तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत कुठल्याही शिफ्टला ५२००च्या खाली येत नाही. टर्बोला झोपायला वेळच मिळत नाही.

आता हायवे. ऑटोमॅटिक सुप्राचा डिफ (मागच्या चाकांमधला डिफरन्शियल, तिथे फेरे आणखी कमी होतात) ३.७७चा असतो. टीएच४००मध्ये ओव्हरड्राइव्ह (१.००पेक्षा लहान गिअर) नाही, म्हणजे मूळ मापाच्या टायरवर ताशी ११० किलोमीटरला इंजिन सुमारे ३४५०वर. शिवाय साध्या टीएच४००चा कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग) लॉक होत नाही, थोडा घसरत राहतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. ह्यूस्टनहून डॅलसला जायचं तर चार तास हा घोष ऐकायचा. ८एचपी मॅन्युअल गाडीच्या ३.१३ डिफबरोबर लावला तर त्याच वेगाला १९०० आरपीएम, आणि कन्व्हर्टर लॉक.

डिफ बदलणं यात सक्तीचं आहे. ३.७७ तसाच ठेवला तर पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर १७.८ होतं, आणि रस्त्यावर तो गिअर निव्वळ टायर जाळतो. ३.१३ने ते १४.८वर येतं.

टोयोटाने स्वतः २०१९ची नवी सुप्रा आणली तेव्हा बीएमडब्ल्यूच्या इंजिनामागे याच ८एचपी कुटुंबातला गिअरबॉक्स लावला. तीन लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन आणि हा गिअरबॉक्स यांची जोडी जमते, हे खुद्द कंपनीने दाखवून दिलंय.

मतं येऊ द्या.

पावमैल (न्यू जर्सी)

पूर्ण असहमत.

तुमचं आरपीएमचं गणित कन्व्हर्टर लॉक असताना खरं. पूर्ण थ्रॉटलला, सैल, म्हणजे इंजिनाला आधी वर फिरू देऊन मग पकडणारा (जास्त स्टॉलचा) कन्व्हर्टर असताना इंजिन ३७००वर पडतच नाही, कन्व्हर्टर ते वर धरून ठेवतो. आणि ऑटोमॅटिकमध्ये शिफ्टला पाय उचलावा लागत नाही, त्यामुळे टर्बो फिरत राहतो. मॅन्युअलमध्ये जो बूस्ट सुटतो तो इथे सुटतच नाही. ऑटोमॅटिक सुप्रा ड्रॅग स्ट्रिपवर (पाव मैलाच्या सरळ शर्यतीत) इतक्या चालतात त्याचं कारणच हे आहे.

दुसरं, टीएच४००ला कमी लेखू नका. १९६४ पासूनचं डिझाइन आहे. रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोमध्ये हाच होता, व्ही१२ जॅग्वारमध्ये होता, १९७६ला फेरारीने ४०० ऑटोमॅटिक काढली तिच्यातही हाच. सगळं काम तेलाच्या दाबावर, कॉम्प्युटर नाही, कॅन बस (गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणारी तार) नाही. अमेरिकेत कुठल्याही गावात गेलात तरी तो उघडून बांधणारा माणूस सापडतो. ट्रान्स ब्रेक (गिअरबॉक्स आतून अडवून गाडी जागी धरणारी सोय) लावला की उभ्या जागी बूस्ट तयार करून गाडी सोडता येते. तुमच्या ८एचपीचा मूळ कन्व्हर्टर लहान टर्बोच्या, खालच्या आरपीएमला टॉर्क देणाऱ्या इंजिनांसाठी बनवलेला आहे, फार घट्ट. मोठा टर्बो त्याच्यावर लॉन्चला घुटमळणार.

इंग्लिशटाउनची स्ट्रिप २०१८ला बंद झाल्यापासून आम्ही पेनसिल्व्हेनियात मेपल ग्रोव्हला जातो. तिथल्या पिटमध्ये लॅपटॉप उघडून गिअरबॉक्सची समजूत काढत बसायला वेळ नसतो.

बूस्टवाला

@पावमैल, स्ट्रिपसाठी टीएच४००च घ्या, त्यात वाद नाही. पण मी शीर्षकाखालीच रस्त्यावरची गाडी म्हटलंय. सैल कन्व्हर्टर आरपीएम वर धरतो ते घसरून, आणि ती घसरण तेलात उष्णता म्हणून जाते. पाव मैल धावून पिटमध्ये थांबणाऱ्या गाडीला ते चालतं. जुलैमध्ये टेक्ससच्या ट्रॅफिकमध्ये तासभर सरकत राहणाऱ्या गाडीचं तेल करपतं.

घट्ट कन्व्हर्टरचा मुद्दा बरोबर आहे. पण ४.७१चा पहिला गिअर तो बराच भरून काढतो, आणि ज्याला हवा त्याला जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर बनवून मिळतो.

हातगिअर

मॅन्युअल सुप्रातला सहा गिअरचा गेट्राग व्ही१६० घाला. सुप्राला दुसरा गिअरबॉक्स शोभत नाही.

बूस्टवाला

@हातगिअर, व्ही१६०च्या सध्याच्या किमतीत अख्खा ८एचपी, कंट्रोलर आणि डिफ येऊन पैसे उरतात. आणि ज्याला ऑटोमॅटिकच हवीय, त्याला मॅन्युअल घे म्हणणं हे उत्तर नव्हे.

दाबमापक (पिंपरी)

गिअरबॉक्स कॅलिब्रेशन हे माझं रोजचं काम आहे, तेही ट्रक-बसच्या, त्यामुळे सुप्राचा अनुभव नाही. पण ८एचपीच्या बाबतीत धागाकर्ते सगळ्यात अवघड भागावरून, म्हणजे कंट्रोलरवरून, एका वाक्यात निघून गेलेत, म्हणून लिहितो.

८एचपीत चार प्लॅनेटरी संच (एकमेकांभोवती फिरणाऱ्या दातेरी चाकांचे) आणि पाच शिफ्ट एलिमेंट आहेत, दोन ब्रेक आणि तीन क्लच. कुठल्याही गिअरमध्ये त्यातले तीन बंद आणि दोनच उघडे असतात. त्यामुळे फुकट फिरणाऱ्या प्लेट्स कमी, ओढ कमी, मायलेज चांगलं. रचना म्हणून अप्रतिम काम आहे. पण शिफ्ट होताना एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा पकडतो. पहिला लवकर सुटला तर इंजिन उधळतं, उशिरा सुटला तर दोन्ही एकमेकांशी भांडतात आणि गाडीला धक्का बसतो. हा ताळमेळ सेकंदाच्या शतांशांत सांभाळायचा असतो.

तो कशावर सांभाळायचा? इंजिन या क्षणी किती टॉर्क देतंय, या आकड्यावर. क्लचचा दाब त्यावरून ठरतो. बीएमडब्ल्यूच्या गाडीत हा आकडा इंजिनाचा कॉम्प्युटर सतत कळवत असतो आणि त्यामागे टेस्ट बेंचवरचं प्रचंड काम असतं. तुमच्या सुप्रात बाहेरून विकत घेतलेला इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) असणार. त्यातला टॉर्कचा तक्ता कोण भरणार? आकडा खऱ्यापेक्षा कमी सांगितला तर दाब कमी पडतो आणि क्लच घसरतात. हे घसरणं सीटवर बसून जाणवत नाही. वरच्या गिअरमध्ये हळूच सुरू होतं आणि जाणवतं तेव्हा प्लेट जळालेली असते. जास्त सांगितला तर प्रत्येक शिफ्टला मानेला हिसका.

शिवाय शिफ्टच्या वेळी गिअरबॉक्स इंजिनाला क्षणभर टॉर्क कमी करायला सांगतो आणि इंजिन इग्निशन मागे घेतं, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतं. हा संवाद जुळला नाही तर ८एचपी७०च काय, ८एचपी९०ही वाचणार नाही. नावातला ७० म्हणजे ७०० न्यूटन-मीटरचा वर्ग. पण ती मर्यादा हा संवाद गृहीत धरून लिहिलेली असते.

म्हणून माझं मत: गिअरबॉक्स उत्तम, पण घरच्या गॅरेजात करायचा स्वॅप नव्हे.

बूस्टवाला

@दाबमापक, धाग्यातला हा सगळ्यात कामाचा प्रतिसाद. पण निष्कर्ष मान्य नाही.

आज ८एचपीसाठी वेगळे कंट्रोलर मिळतात, त्यात क्लचच्या दाबाचे पायाभूत नकाशे आधीच भरलेले असतात. कोऱ्या पाटीवर काही लिहायचं नसतं. टॉर्कचा तक्ता डायनोवर (गाडी जागेवर चालवून टॉर्क मोजणाऱ्या यंत्रावर) भरता येतो: प्रत्येक बूस्टला, प्रत्येक आरपीएमला चाकावरचा टॉर्क मोजायचा, गिअर आणि डिफच्या गुणोत्तरांनी भागायचा, नुकसान धरायचं. कंपनीइतकं बारीक होणार नाही, पण हातात येणारा आकडा अंदाजाचा नसतो, मोजलेला असतो. इनपुट आणि आउटपुट शाफ्टच्या वेगाचे सेन्सर ८एचपीत आहेतच. दोन्हींचं गुणोत्तर लॉगमध्ये बघितलं की घसरण सीटवर जाणवायच्या आधी कागदावर दिसते. टीएच४००मध्ये ही सोय आहे का? तिथे क्लच जळाल्याचं तेलाच्या वासावरूनच कळतं.

दाबमापक

लॉग बघणाऱ्या माणसाच्या हातात तो टिकेल, हे मान्य. पण किती जण बघतात? आणि सगळी मोजमापं गार तेलावर करून थांबू नका. तेल ४० अंशांना आणि १०० अंशांना अगदी वेगळं वागतं. ८एचपीत तेल भरतानासुद्धा ते ठरावीक तापमानाला असावं लागतं, इंजिन चालू ठेवून पातळी बघावी लागते. तिथे चुकलं तर पुढचं सगळं व्यर्थ.

जुनंतेसोनं (मेलबर्न)

तुम्ही तिघे कुठला नवा गिअरबॉक्स टाकायचा यावर भांडताय. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: मूळ ए३४०ई काढायचाच कशाला?

हा काही नाजूक गिअरबॉक्स नाही. आयसिनचा आहे, आणि याचाच भाऊ एडब्ल्यू४ या नावाने १९८७ पासून जीप चेरोकीमध्ये राबला. टोयोटाच्या पिकअप आणि एसयूव्हींमध्येही हेच कुटुंब. सुटे भाग आणि माहितगार कारागीर दोन्ही मिळतात. याची कमजोर जागा माहीत आहे: ओव्हरड्राइव्हचा संच पुढे बसवलेला आहे, त्यामुळे पहिल्या तिन्ही गिअरमध्ये इंजिनाचा टॉर्क आधी त्याच्या क्लचमधून जातो. तिथे चांगल्या आणि जास्त प्लेट्स घाला, व्हॉल्व्ह बॉडीत (क्लचकडे तेल सोडणाऱ्या भागात) दाब वाढवा, कन्व्हर्टर बांधून घ्या, मोठा कूलर लावा. ५०० ते ६०० हॉर्सपॉवरपर्यंत रस्त्यावर आरामात चालतो. ओव्हरड्राइव्ह राहतं, लॉकअप राहतं, स्पीडोमीटर चालू राहतो, डिफला हात लावावा लागत नाही. ११० किलोमीटरला २४५०च्या आत इंजिन. बूस्टवाला, तुमच्या हायवेच्या तक्रारीला इथेच उत्तर मिळालं.

८एचपीसाठी काय काय करावं लागतं तेही लिहा ना. बेल हाउसिंग, म्हणजे इंजिनाला जोडणारं पुढचं तोंड, ८एचपीच्या केसमध्येच ओतलेलं, म्हणून अॅडॅप्टर प्लेट. वेगळी फ्लेक्सप्लेट (इंजिन आणि कन्व्हर्टर यांमधली तबकडी). नवा क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सखालचा आडवा आधार). मोजून बनवलेला प्रोपेलर शाफ्ट. वेगळा शिफ्टर, कारण बीएमडब्ल्यूचा गिअरबॉक्स तारेवर चालतो, केबलवर नाही. पार्किंग लॉकची वेगळी व्यवस्था. आणि बहुतेक गाड्यांत टनेलला (गिअरबॉक्सवरच्या पत्र्याच्या बोगद्याला) कापाकापी. हे शेवटचं मला सहन होत नाही. अशा सुप्रा आता नव्याने बनणार नाहीत. बोल्ट काढून परत लावता येईल असं काहीही करा. पत्रा कापलात की ती गाडी पुन्हा तशी होत नाही.

पावमैल

@जुनंतेसोनं, ६०० पर्यंत ठीक. पण सिंगल टर्बो लावलेला माणूस ६००वर थांबलेला मी पाहिलेला नाही. ८००ला तुमचा ए३४०ई दर हंगामाला बाहेर येणार.

ओव्हरड्राइव्ह

४एल८०ईचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? टीएच४००चाच वारस, गिअर २.४८, १.४८, १.०० आणि ०.७५, कन्व्हर्टर लॉक होतो. तुमच्याच ३.७७ डिफवर ११० किलोमीटरला साधारण २६००. कंट्रोलर लागतो, पण ८एचपीच्या मानाने फारच साधा. वजनदार आहे आणि टनेलमध्ये जागा मागतो. तरी दोन्ही टोकांच्या मध्ये हाच बसतो.

बूस्टवाला

@ओव्हरड्राइव्ह, टीएच४०० आणि ४एल८०ई यांतून रस्त्यासाठी निवडायचा तर मी तुमच्या बाजूने. पण चारच गिअर आहेत, त्यातला शेवटचा केवळ हायवेसाठी. जोर लावून गाडी चालवताना हातात तीनच.

@जुनंतेसोनं, ६०० हॉर्सपॉवरच्या आत राहणार हे ज्याने आधीच ठरवलंय त्याने तुमचंच ऐकावं. माझा विरोध आहे तो ६००च्या पुढे जाऊन, त्याच गाडीने रोज ऑफिसला जायचं म्हणणाऱ्याने टीएच४०० घालण्याला. टनेलबद्दल मात्र मी तुमच्याइतका हळवा नाही. गाडी चालवण्यासाठी आहे. नीट कापून, वेल्ड करून, गंजरोधक लावून केलेलं काम मला मोडतोड वाटत नाही. उलट तीन गिअरच्या आवाजाला कंटाळून मालकाने झाकून ठेवलेल्या सुप्रा मी इथे बघतो, त्याचं जास्त वाईट वाटतं.

जुनंतेसोनं

वेल्ड करण्याआधी निदान मोजा तरी. इंजिन माउंट पुढे किंवा खाली घेऊन जागा होते का, आणि त्यामुळे प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो का, हे गिअरबॉक्सचं रिकामं केस टांगून एका दिवसात कळतं. आणि काढलेला ए३४०ई भंगारात देऊ नका, तेल भरून, तोंडं बंद करून ठेवा. पुढच्या मालकाला तो लागेल.

दाबमापक

@बूस्टवाला, कुणी खरंच हा स्वॅप करून टॉर्कचा तक्ता आणि शिफ्टचे लॉग इथे टाकणार असेल तर मी वेळ काढून वाचेन. दोन्ही शाफ्टचे वेग, तेलाचं तापमान, मागितलेला दाब आणि इग्निशनचा कोन, एवढे चॅनेल हवेत. तिसऱ्या ते चौथ्या शिफ्टपासून सुरुवात करा, अर्ध्या थ्रॉटलला.