कॉलेजच्या ग्रंथालयात मुलांना कपाटापर्यंत जाऊ द्यायचं की नाही?

मराठी शिकवणारी (धागाकर्ती)

15 ऑक्टोबरला आमच्या कॉलेजात वाचन प्रेरणा दिन झाला. डॉ. कलामांच्या जयंतीला 2015 पासून तो राज्यभर होतो, आमच्याकडेही होतो. प्रतिमापूजन, पाहुण्यांचं भाषण, सामूहिक वाचन, ग्रंथप्रदर्शन. प्रदर्शन या वर्षी खरंच छान मांडलं होतं आणि मुलांनी टेबलांभोवती गर्दी केली होती. एक मुलगा ग्रामीण कथांचा संग्रह उभ्यानेच वाचत राहिला, तासाची बेल झाली तरी हलेना. शेवटी काउंटरवर जाऊन त्याने पुस्तक घरी मागितलं. उत्तर मिळालं, "प्रदर्शनातलं देता येत नाही, उद्या चिठ्ठी भर."

दुसऱ्या दिवशी त्याला लेखकाचं नाव आठवेना. चिठ्ठीवर नाव, लेखक, दाखल क्रमांक (ग्रंथालयाच्या नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक), सगळं लागतं. पुस्तक तोवर परत जाळीपलीकडच्या कपाटात गेलेलं आणि जाळीच्या आत विद्यार्थ्यांना मज्जाव.

माझं म्हणणं सरळ आहे. दिन साजरे करायला माझी हरकत नाही, पण ज्या ग्रंथालयात मुलाला पुस्तक हाताळून निवडता येत नाही तिथे वाचनाची प्रेरणा टेबलावरच राहते. 12 ऑगस्टला ग्रंथपाल दिन म्हणून आपण डॉ. रंगनाथन यांच्या फोटोला हार घालतो. ते 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं तिसरं सूत्र, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाला थेट कपाटापर्यंत येऊ द्या हा आग्रह त्यांनी याच सूत्राच्या विवेचनात धरला आहे. इतक्या वर्षांनी आपण अजून चिठ्ठीवरच आहोत. तुमच्या कॉलेजात काय स्थिती आहे? मुक्त प्रवेश असावा की नसावा?

काउंटरच्या आतून

ताई, मी अनुदानित कॉलेजात ग्रंथपाल आहे. तुमची कळकळ पोचली, पण मुक्त प्रवेशाला माझा विरोध आहे.

आमच्याकडे तीस हजारांच्या आसपास पुस्तकं आहेत. पूर्वी एक सहायक आणि तीन परिचर होते. जसजसे निवृत्त झाले तसतशी पदं रिकामी राहिली, भरती रखडली ती रखडलीच. आज मी आणि एक परिचर, दोघंच. देवघेव, नवीन पुस्तकांची नोंद, बारकोड, वर्तमानपत्रं, नो ड्यूजच्या सह्या, सगळं दोघांत. मुलं आत गेली की पुस्तक काढतात आणि हाताला येईल त्या फळीवर ठेवतात. इतिहासाचं पुस्तक रसायनशास्त्रात गेलं की ते हरवल्यातच जमा, पडताळणी, म्हणजे नोंदवहीशी ताडून सगळ्या पुस्तकांची मोजणी, होईपर्यंत सापडत नाही.

आणि हरवलं तर? आमच्या संस्थेत पडताळणीत कमी भरलेल्या पुस्तकांची किंमत ग्रंथपालाकडे मागतात. माझ्या आधीच्या ग्रंथपालांचे निवृत्तीचे कागद याच कारणासाठी अडले होते. संदर्भग्रंथांतली पानं ब्लेडने कापून नेलेली मी स्वतः पाहिली आहेत, शिवणीजवळ इतकी सफाईने की पुस्तक मिटलं तर कळतही नाही. जबाबदारी माझी आणि मोकळीक सगळ्यांची, हे मला मान्य नाही.

निवृत्त ग्रंथपाल, पुणे

काउंटरच्या आतून, तुमची भीती खोटी नाही, पण तिच्यावर नियमांतच उत्तर आहे आणि ते आपल्याच लोकांना माहीत नसतं. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मधला नियम 215 वाचा. वर्षभरात वाचकांना दिलेल्या किंवा त्यांनी हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणं वाजवी मानावं असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. अट एवढीच की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. हजार रुपयांच्या वरच्या किंवा दुर्मीळ पुस्तकाची मात्र चौकशी करायची. पडताळणीचंही तसंच. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी, वीस ते पन्नास हजार असतील तर तीन वर्षांतून किमान एकदा.

पुस्तकं वापरली की थोडी झीज आणि थोडी घट होणारच, हे नियम करणाऱ्यांनीही मान्य केलं आहे. मी सेवेत असताना ललित विभाग उघडला. काही पुस्तकं गेली, पण देवघेव इतकी वाढली की परत आलेली पुस्तकं लावायला दुपार पुरेना. ज्या पुस्तकांच्या मागच्या तारीखपट्टीवर वर्षानुवर्षं एकही शिक्का नव्हता, ती बाहेर जायला लागली. मला तो सौदा कधीही चालेल.

काउंटरच्या आतून

सर, नियम 215 मलाही माहीत आहे. तो केंद्राच्या कार्यालयांना आणि संस्थांना लागू होतो. आमच्या संस्थेचे लेखापरीक्षक तो दाखवल्यावर म्हणाले, "आम्हाला राज्याचा किंवा संस्थेचा लेखी आदेश दाखवा." तो कुठून आणू? तुम्ही ललित विभाग उघडलात तेव्हा हाताखाली किती माणसं होती, तेही सांगा.

निवृत्त ग्रंथपाल, पुणे

पाच होती. हा फरक मोठा आहे, मान्य करतो.

राज्यसेवेची तयारी

मी माझ्या जुन्या कॉलेजच्या अभ्यासिकेत बसतो. इथे सगळे कपाटांवर बोलताय, आमच्यासारख्यांना कपाट नको, टेबल हवं. तालुक्यात दुसरी शांत जागा नाही. घरी दोन खोल्या आणि पाच माणसं. ग्रंथालय संध्याकाळी पाचला बंद होतं, आमचा अभ्यास तेव्हा कुठे लागलेला असतो. त्यात कार्यक्रम असला की वाचनकक्षच प्रदर्शनाला जातो आणि आम्ही व्हरांड्यात. रात्री नऊपर्यंत नुसता कक्ष उघडा ठेवला, दिवे आणि पिण्याचं पाणी दिलं, तरी तो सगळ्यात मोठा उपक्रम ठरेल. धागाकर्तीशी असहमत. आधी वेळ वाढवा, जाळी नंतर काढा.

मराठी शिकवणारी

तुमची अडचण खरी आहे आणि वेळ वाढवायला माझा पूर्ण पाठिंबा. पण आपण आणलेली नोट्सची पुस्तकं वाचायला लागते ती जागा, ग्रंथालयातली पुस्तकं वाचायला लागतो तो प्रवेश. एकासाठी दुसरं का थांबवायचं?

ई-संसाधनवाला

हा वाद जुन्या काळातला वाटतो. इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राची कॉलेजांसाठी एन-लिस्ट योजना आहे, वार्षिक वर्गणी भरली की विद्यार्थ्याला घरबसल्या हजारो नियतकालिकं आणि लाखो ई-पुस्तकं. जानेवारी 2025 पासून सरकारी संस्थांसाठी 'एक राष्ट्र एक सदस्यता' सुरू झाली, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटींची तरतूद, तीस मोठे प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिकं. ना चोरी, ना फाटणं, ना चुकीची फळी. खरा उपक्रम म्हणजे पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला लॉगिन देऊन एक तास शिकवणं. किती ग्रंथालयं ते करतात?

टीवायची विद्यार्थिनी

मला लॉगिन दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मिळालं, तेही मैत्रिणीने सांगितलं म्हणून. बीएस्सीला त्याचा फायदा झाला, हे खरं. पण माझी धाकटी बहीण मराठी घेऊन बीए करते, तिने तिथे काय शोधायचं? बहुतेक सगळं इंग्रजी. तिला जी पुस्तकं लागतात ती आमच्याच कॉलेजच्या कपाटात आहेत. मी स्वतः ओपॅकवर (ग्रंथालयाच्या संगणकातल्या पुस्तकयादीत) शोधून चिठ्ठी देते, काका आत जाऊन येतात आणि म्हणतात, "नाही सापडत." संगणक उपलब्ध दाखवतो! मला आत सोडलं असतं तर दहा मिनिटांत काढून दिलं असतं.

नॅक समन्वयक

उपक्रमांना इथे उगाच कमी लेखलं जातंय. जानेवारी 2025 मध्ये 'वाचन संकल्प महाराष्ट्राचा' हा पंधरवडा झाला तेव्हा आमच्या मुलांनी ग्रंथालयाची स्वच्छता केली, पुस्तक परीक्षण स्पर्धा घेतली, लेखकाशी संवाद झाला. त्यातली निम्मी मुलं ग्रंथालयाची पायरी तेव्हा पहिल्यांदा चढली. दिन नसते तर तीही आली नसती. फोटो, जिओ टॅग, अहवाल हे आम्ही हौस म्हणून करत नाही. नॅक म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणारी परिषद, तिच्या मूल्यांकनात पुरावा लागतो, आणि मूल्यांकन घसरलं तर नुकसान कॉलेजचं आणि मुलांचंच.

मराठी शिकवणारी

सर, नॅकचा ग्रंथालयाबद्दलचा निकष 4.2 मी आमच्याच अहवालासाठी वाचला आहे. संगणकीकरण, ई-संसाधनं, पुस्तकांवरचा खर्च आणि ग्रंथालयाचा रोजचा वापर, हे त्यात विचारलं जातं. रोजचा! पंधरवड्याचा नव्हे. पायरी पहिल्यांदा चढलेली ती निम्मी मुलं फेब्रुवारीत किती आली, हा आकडा तुमच्या गेट रजिस्टरमध्ये असेल. तो काढा. मुलं आली असतील तर मी माझं म्हणणं मागे घेते. आली नसतील तर त्यांना परत यायला आपण आत काय ठेवलं, याचा विचार करा. स्वच्छतेच्या दिवशी ती मुलं कपाटं पुसायला जाळीच्या आत गेली होती ना? मग वाचायला का नकोत?

आणि काउंटरच्या आतून, तुमच्या प्रतिसादानंतर मी एक मागणी बदलते. सगळं ग्रंथालय उघडू नका. फक्त कथा, कादंबरी, चरित्र, कविता, एवढीच कपाटं वाचनकक्षात आणा. संदर्भ विभाग आणि महाग पुस्तकं जाळीतच राहू द्या. पुस्तकं जागेवर लावायला 'कमवा व शिका' योजनेतली, कॉलेजात काम करून शिकणारी दोन मुलं घ्या. पिशव्या दाराशी ठेवायच्या, एवढा नियम पुरेल.

काउंटरच्या आतून

कमवा व शिकाची मुलं परीक्षेच्या महिन्यात येत नाहीत आणि पुस्तकांची आवराआवर तेव्हाच सगळ्यात जास्त असते. तरी ललितची आठ कपाटं बाहेर काढायला मी तयार आहे. अट एकच. हजारी पाच पुस्तकांची घट संस्थेला मान्य आहे, असा महाविद्यालय विकास समितीचा ठराव लेखी हवा, माझ्या नावावर वसुली नको. तुम्ही प्राध्यापक आहात, तुमच्या समितीत शिक्षक प्रतिनिधी बसतात. आधी तुमच्या कॉलेजात असा ठराव करून घ्या आणि त्याची प्रत इथे टाका. ती घेऊन मी आमच्या प्राचार्यांकडे जाते.

मराठी शिकवणारी

पुढच्या बैठकीसाठी विषय आजच लेखी देते. मसुद्यात नियम 215 चं कलम जसंच्या तसं घालायचं आहे. निवृत्त ग्रंथपाल सर, तुम्ही ललित विभाग उघडलात तेव्हाचा आदेश कसा लिहिला होता, ते सांगाल का?