मदत हवी आहे: बेसमेंटमध्ये गोल्फ सिम्युलेटर, पण छत बुटकं

मंडळी, आम्ही न्यू जर्सीत राहतो. हिवाळ्यात इथे गोल्फ जवळपास बंदच, म्हणून बेसमेंटमध्ये सिम्युलेटरची (खरा चेंडू पडद्यावर मारून घरातच गोल्फ खेळायची) खोली करायची आहे. जागा १८ फूट लांब, १३ फूट रुंद. खरी अडचण उंचीची. छत ८ फूट ९ इंच, त्यात मधोमध हीटिंगचा डक्ट, त्याखाली जेमतेम ८ फूट. माझी उंची ५ फूट ८ इंच. आयर्न (आखूड काठी) निर्धास्त फिरते, ड्रायव्हर (सगळ्यात लांब काठी) मात्र छताला लागेल अशी भीती वाटते. असा डक्ट कुणी बाजूला सरकवून घेतलाय का?

चेंडूचा वेग आणि दिशा मोजणारं रडारचं यंत्र चेंडूच्या मागे सात-आठ फुटांवर ठेवावं लागतं, पुढे चेंडू उडायलाही जागा हवी, म्हणजे ते बादच. चेंडूशेजारी ठेवायचं कॅमेऱ्याचं घ्यावं म्हणतो. पण बायको डावखुरी! दर वेळी यंत्र उचलून पलीकडे ठेवायचं? छतावर बसवायची मिळतात, पण त्यांची किंमत ऐकूनच घाम फुटतो.

पडद्यामागे फूटभर जागा सोडणारच आहे, नाहीतर चेंडू भिंतीवर आपटून अंगावर यायचा. खेळणाऱ्याची सावली पडू नये म्हणून शॉर्ट-थ्रो (जवळूनच मोठं चित्र पाडणारा) प्रोजेक्टर कुठे बसवलात? आणि आईची खोली बरोबर वरच आहे. तो धाडधाड आवाज कमी करायला काय केलंत?