प्युरिटन प्रार्थनांनी धीर येतो की माणूस आणखी खचतो?

शिरोलीकर:
सर्वांना सलाम. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डिंगला आहे. पहिली पाळी असली की बायबलचं वचन आणि प्रार्थना घाईतच होते. अलीकडे प्रार्थना म्हणजे नुसती यादी झालीय: आईची शुगर, पोरीची फी, कर्जाचा हप्ता, आमेन. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका दादांनी ‘द व्हॅली ऑफ व्हिजन’ वाचायला दिलं. प्युरिटन म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकातले इंग्लंडमधले कडक धर्मसुधारक, त्यांच्या प्रार्थना, आर्थर बेनेट यांनी १९७५ मध्ये एकत्र केलेल्या. पण कुठलंही पान काढा, माणूस आपला स्वतःला पापी, नालायक, आंधळा म्हणतोय. ते तर सुपरवायझर दिवसभर ऐकवतोच की ओ! आई म्हणते, ते ठेव आणि ‘उपासना संगीत’ घे, आपलं मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक. रोज वाचणारं कुणी आहे का इथं? धीर नेमका कुठं मिळतो यात?

बावड्याची मावशी:
सलाम लेका. मी रिटायर्ड सिस्टर, जन्म वॉर्डात गेला, आता पहाटे निवांत वाचते. तू अर्ध्या पानावर थांबतोयस असं वाटतं. त्या प्रार्थना पापावर थांबत नाहीत. पाप कबूल केलं की पुढच्या चार ओळींत ख्रिस्ताचा वधस्तंभ येतोच. बायबलमधलं स्तोत्र १३० काढून बघ. अधर्म हिशेबात धरलेस तर टिकणार कोण, असं विचारतो आणि लगेच म्हणतो, पण तुझ्याजवळ क्षमा आहे. जॉन ओवेन या प्युरिटन पंडितानं १६६८ मध्ये या एका स्तोत्रावर जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि त्यातला मोठा भाग त्या क्षमेच्या चौथ्या वचनावरच!
सुपरवायझर चूक दाखवतो आणि पगार कापतो. इथं ज्याच्यापुढं चूक सांगायची त्यानंच दंड भरलाय. फरक एवढाच आहे, पण मला त्याच्यावरच झोप लागते.
आणि रिचर्ड सिब्ज, तोही प्युरिटनच. बायबलात यशया ४२ मध्ये आहे ना, चेपलेला बोरू तो मोडणार नाही, मिणमिणती वात विझवणार नाही? त्यावर त्यानं १६३० मध्ये अख्खं पुस्तक काढलं. आपल्यात जितकं पाप, त्याहून जास्त दया ख्रिस्तात, हा त्याचा मुद्दा. दारावर आलेल्या एका गरीब फेरीवाल्याकडून हे पुस्तक एका बापानं विकत घेतलं आणि त्याच्या पोराचं मन त्यानं उजळलं. तो पोरगा म्हणजे पुढचा मोठा पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, रिचर्ड बॅक्स्टर. खचवणारं पुस्तक असतं तर असं झालं असतं का?

राजारामपुरी ८वी गल्ली:
मावशी, मान्य. पण एक शंका. हे लोक तर छापील प्रार्थनांच्या विरोधातले! १६६२ च्या कायद्यानं इंग्लंडच्या चर्चचं ठरलेलं प्रार्थनापुस्तक सक्तीचं झालं तेव्हा सुमारे दोन हजार पाळकांनी जागा सोडल्या. जॉन बनियन हा प्युरिटन उपदेशक तर १६६० पासून बारा वर्षं बेडफर्डच्या तुरुंगात होता. घरी आंधळी मुलगी, पोटासाठी आत बसून नाड्या करायचा, आणि तिथूनच त्यानं प्रार्थनापुस्तकाविरुद्ध लिहिलं. त्याच बनियनचं आपण पुस्तकातून वाचायचं? शिवाय त्या संग्रहात स्पर्जन हा इंग्रज प्रवचनकारसुद्धा आहे, तो एकोणिसाव्या शतकातला. सगळेच काही प्युरिटन नव्हेत.

बावड्याची मावशी:
स्पर्जनचं बरोबर आहे बाबा. पण बनियनचं भांडण सक्तीशी होतं, आणि मनाशिवाय तोंडानं पुटपुटण्याशी. मग स्तोत्रंही लिहिलेलीच की! मॅथ्यू हेन्री या पाळकानं १७१० मध्ये बायबलच्याच शब्दांत प्रार्थना कशी करावी हे शिकवायला पुस्तक काढलं. बेनेटनंही जुन्या लेखनातून वेचून कवितेसारख्या ओळी लावल्या, माणसानं सावकाश वाचावं म्हणून. पान वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि मग आपली यादी काढायची. शुगर, फी, हप्ता, सगळं. यादीत वाईट काही नाही, फक्त ती कुणापुढं ठेवतोय ते आधी डोळ्यांपुढं यायला हवं.
आणि ‘मी पापी’ हे आपल्या कानाला कुठं नवं आहे? तुकोबा दुसरं काय म्हणतात! आपले ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तर म्हणायचे की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो. त्या आईचं ऐक, तिच्या पुस्तकात टिळकांची गाणी आहेत. दोन्ही चालतात.

शिरोलीकर:
मावशी, पुलाचं माहीत नव्हतं, आईला सांगतो. पण इंग्रजी जुनं आहे, एका पानाला वेळ लागतो. पाळी सांभाळून रोज किती वाचू?

बावड्याची मावशी:
रोज नवं पान कशाला? एकच पान आठवडाभर धर. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलनं रेघ मार आणि रविवारी त्या दादांना विचार. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळ मोकळी असते, तेव्हा मागचा भाग काढ. तिथं सातही दिवसांच्या सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थना आहेत, आणि त्या ‘मी’ नव्हे, ‘आम्ही’ म्हणून लिहिल्यात. त्या एकट्यानं वाचू नकोस. एक ओळ तू वाच, तिचा अर्थ आईला मराठीत सांग, आणि आमेन पोरीला म्हणू दे.