रेंजर पिकअपला एक्सप्लोररचा ८.८ मागचा अ‍ॅक्सल बसवायचाय, काय काय बदलावं लागतं?

प्रश्न: पाटा_आणि_बुश

गाडी १९९७ ची फोर्ड रेंजर, फोर-बाय-फोर, ३.० व्ही-६, मॅन्युअल. दारावरच्या स्टिकरवर अ‍ॅक्सल कोड ८६, म्हणजे ७.५ इंची क्राउनचा (अ‍ॅक्सलमधलं मोठं दातेरी चक्र) ३.७३ रेशो, साधा डिफ (डिफरन्शियल). ३१ इंची टायर आहेत आणि ट्रेलरही ओढायचा असतो, म्हणून जंकयार्डमधून फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची क्राउनचा अ‍ॅक्सल डिस्कब्रेकसकट उचलायचा विचार आहे. तीन प्रश्न: कुठल्या वर्षाचा घ्यावा? पाट्यांच्या गाद्या (अ‍ॅक्सलवर पाटे टेकतात ते लोखंडी तुकडे) कापून नव्या झाळाव्या लागतात हे खरं का? आणि ब्रेकचं काय?

उत्तर: क्राउन_पिनियन

१९९५ ते २००१ चा घ्या. त्याआधीच्या एक्सप्लोररला मागे ड्रम आहेत, आणि २००२ पासून चार दारांच्या एक्सप्लोररला मागे स्वतंत्र सस्पेन्शन आलं, त्यामुळे तो तुमच्या उपयोगाचा नाही. या ८.८ चे शाफ्ट ३१ स्प्लाइनचे (टोकावरचे दाते) आहेत, तुमच्या ७.५ चे २८ चे. व्हीलचे बोल्ट तेच, ५ बाय ४.५ इंच. रुंदी ५९.५ इंच, तुमची ५८.५, म्हणजे प्रत्येक चाक अर्धा इंच बाहेर येईल. त्याने काही अडत नाही.

रेशोवर मात्र तडजोड करू नका. पुढे ३.७३ असताना मागे ३.५५ चा टाकला, तर कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावल्याबरोबर पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना पिळतात आणि तो ताण ट्रान्सफर केसवर जातो. एक्सप्लोररच्या दारावरच्या स्टिकरवर ‘D4’ (डी-४) कोड शोधा: ३.७३, लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा डिफ). ‘४६’ म्हणजे ३.७३ साधा. ‘४१’ (३.२७) आणि ‘४५’ (३.५५) सोडून द्या. दार गायब असेल तर डिफच्या झाकणाच्या बोल्टखालचा पत्र्याचा टॅग बघा. ३ आणि ७३ च्या मध्ये ‘एल’ असेल तर लिमिटेड स्लिप.

पैसे देण्याआधी झाकण उघडा. क्रॉस पिनचा (डिफमधली आडवी पिन) छोटा लॉक बोल्ट काढा, पिन बाहेर घ्या, शाफ्ट आत ढकलून त्याला धरणारी सी-क्लिप काढा आणि शाफ्ट बाहेर ओढा. बेअरिंगचे रोलर थेट शाफ्टवरच फिरतात, त्यामुळे बाहेरच्या टोकाला जिथे चकाकणारा पट्टा दिसतो तिथून नख फिरवा. नख अडकलं तर तो शाफ्ट गेला. नवं बेअरिंग घालूनही आवाज आणि तेलगळती परत येणार. तो लॉक बोल्ट जोर लावून काढू नका, तुटतो. परत बसवताना नवा, थ्रेडलॉक लावून, १५ ते ३० फूट-पाउंड.

उत्तर: टाके_आणि_झाळ

हो, गाद्या कापाव्याच लागतात. एक्सप्लोररचे पाटे अ‍ॅक्सलच्या खालून जातात, रेंजरचे वरून. अ‍ॅक्सलच्या ३.२५ इंची नळीसाठीच्या, अडीच इंच रुंद पाट्यांच्या नव्या गाद्या घ्या. जुन्या कापताना ग्राइंडरचं पातं नळीला लावू नका. दोन-तीन मिलिमीटर झाळ ठेवा आणि ती फ्लॅप डिस्कने घासा. नळीत खाच पडली तर पुढे चीर तिथूनच सुरू होते.

सगळ्यात जास्त चुका मापात होतात. या अ‍ॅक्सलचा गोळा (डिफचं घर) मधोमध नाही, उजवीकडे सरकलेला आहे, उजवा शाफ्ट डाव्यापेक्षा आखूड असतो. म्हणून गोळ्यापासून माप घ्याल तर अख्खा अ‍ॅक्सल एका बाजूला बसेल. दोन्ही टोकांच्या व्हील फ्लँजपासून मोजा. गाद्यांच्या भोकांमधलं अंतर जुन्या अ‍ॅक्सलवरून घ्या.

पिनियनचा कोन: जुना अ‍ॅक्सल काढण्याआधी, गाडी चाकांवर सपाट जमिनीवर उभी असताना, पिनियन फ्लँजला (डिफला प्रॉपेलर शाफ्ट जोडतो ती चकती) कोनमापक लावून आकडा लिहून ठेवा. गाडीची उंची बदलत नसेल तर नव्यालाही तोच कोन. गाद्या सैल ठेवून अ‍ॅक्सल गाडीखाली लावा, पाट्यांवर वजन येऊ द्या, कोन जुळवा, मग प्रत्येक गादीला झाळीचे चार छोटे टाके. अ‍ॅक्सल बाहेर काढून पूर्ण झाळ. एका दमात लांब झाळ ओढली की नळी वाकते, मग शाफ्ट सील खातो. एक इंच इकडे, एक इंच तिकडे, मध्ये हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या. शाफ्ट आधीच बाहेर काढलेले असू देत, सील नंतर नवेच घाला, आणि वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प झाळीशेजारी नळीवरच लावा.

यू-बोल्टही ३.२५ इंचाचे नवेच हवेत. शॉकची खुंटी असलेली खालची प्लेट ४.० इंजिनच्या, कारखान्यातूनच ८.८ आलेल्या रेंजरची मिळाली तर ते काम वाचतं.

प्रश्नकर्ता: पाटा_आणि_बुश

मापाचं लक्षात आलं, मी गोळ्यापासूनच मोजणार होतो. ब्रेक आणि तेल राहिलं.

उत्तर: ओला_रस्ता

डिस्क, कॅलिपर, अ‍ॅक्सलवरचे पाइप आणि पार्किंग ब्रेकच्या मागच्या दोन्ही केबल एक्सप्लोररच्याच उचला, केबल कापू देऊ नका. चासीवरून येणारी ब्रेकची रबरी नळी मात्र तुमच्या रेंजरचीच, पण नवी घाला. पार्किंग ब्रेक डिस्कच्या आतल्या छोट्या ड्रममध्ये असतो. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या राज्यांतली गाडी असेल तर त्यामागची पत्र्याची प्लेट कुजलेली असते, शूज धरणाऱ्या पिना बोटाने हलवून बघा. ब्रेकमधली हवा काढताना मागचं उजवं, मागचं डावं, मग पुढचं उजवं, शेवटी डावं.

मास्टर सिलिंडर बहुतेकदा तोच चालतो, पण गृहीत धरू नका. रिकाम्या मैदानात, ओल्या जमिनीवर, गाडी रिकामी ठेवून ताशी २०-२५ मैलांवरून ब्रेक मारा. मागची चाकं आधी अडकली तर मागच्या लाइनवर अ‍ॅडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा) घाला. हे न तपासता पावसात महामार्गावर नेऊ नका.

डिफचं तेल साधारण २.६ लिटर, भरायच्या भोकाच्या कडेपर्यंत. लिमिटेड स्लिप असेल तर आधी ४ औंस फ्रिक्शन मॉडिफायर, नाहीतर वळणावर त्याच्या आतल्या क्लच प्लेटी कुरकुरतात. त्या प्लेटी जिवंत आहेत का हे बघायला न्यूट्रलमध्ये एक चाक जमिनीवर, दुसरं वर ठेवून टॉर्क रेंचने फिरवा. २० फूट-पाउंडांच्या आत फिरलं तर प्लेटी संपल्या. प्रॉपेलर शाफ्टचे चार बोल्ट ७० ते ९५ फूट-पाउंड, थ्रेडलॉकसह. यू-बोल्ट शंभर मैलांनंतर पुन्हा आवळा.