गधेगाळावरची ती बाई कोण?

खापरपणजी
परवा फॅमिली ग्रुपवर कुणीतरी एक रील टाकलं. मध्ययुगात आपल्याकडे बायका कशा राज्य करायच्या म्हणे, मग रुद्रमादेवी, रझिया, काश्मीरची दिद्दा अशा सगळ्या एकामागून एक घोड्यावरून जातात आणि मागे ढोलताशे. खाली सगळ्यांचे हात जोडलेले. मीही जोडले असते, पण आदल्याच दिवशी गावाला जाऊन वेशीवरचा दगड बघून आले होते, त्यामुळे हात काही जोडवेनात.

दगड म्हणजे गधेगाळ. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, वरती चंद्र-सूर्य, मधे लेख (आमच्याकडचा पार झिजलाय, बोट फिरवलं तर चार खाचा लागतात एवढंच) आणि खाली एक गाढव आणि एक बाई. काय चाललंय ते लिहीत नाही, समजून घ्या. गाळ म्हणजे शिवी. राजाने किंवा त्याच्या माणसाने जमीन दान दिली, कर माफ केला की असा दगड रोवायचा, अर्थ असा की जो कोणी हे दान मोडेल त्याच्या आईवर हा प्रसंग येवो. कोकणात शिलाहारांच्या काळापासून हे दगड आहेत, पुढे यादवांच्या काळातही आहेत.

आता मला सांगा, जमीन देणारा पुरुष, हडपणारा पुरुष, दगड कोरणारा पुरुष, मग शिक्षा आईला का? माझं म्हणणं एवढंच की त्या काळातल्या बायकांचं काय चाललं होतं हे घोड्यावरच्या राणीपेक्षा हा दगड जास्त खरं सांगतो. राण्या मोजून पाच-सात, हे दगड गावोगाव. बोला.

मोडीवाला
ताई, घाई करताय. ती बाई म्हणजे कुणाची आई नाही, ती भूमी आहे असं मानणारे अभ्यासक आहेत. गाढवाचा नांगर फिरवणे हा शब्दप्रयोग ऐकलाय ना? जमीन उजाड करणे, गाव बसूच न देणे. दान मोडलंस तर तुझ्या जमिनीवर गाढव फिरेल, पीक येणार नाही, असा तो शाप. वरचे चंद्र-सूर्य पण तेच सांगतात की ते आहेत तोवर हे दान चालेल. म्हणजे अख्खा दगड जमिनीच्या व्यवहाराचा आहे आणि आपण २१ व्या शतकातलं स्त्री-पुरुष त्यात घुसवतोय.

आणि बायकांना सत्ताच नव्हती हे तर अजिबात नाही. कल्याणीच्या चालुक्यांची अक्कादेवी बघा, दुसऱ्या जयसिंहाची बहीण. किसुकाड प्रांताचा कारभार बघायची आणि १०४७ च्या सुमारास गोकाकच्या किल्ल्याला वेढा घालून बसली होती. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावाने नाही, स्वतः. तिच्यावर कुणी रील करत नाही हा भाग वेगळा.

चहाटळ
भूमीच दाखवायची होती तर नांगर कोरायचा की. गाढवाला नांगर जुंपलेला काढणं एवढं अवघड नव्हतं, वीरगळावर (लढाईत मेलेल्या वीराचा दगड) अख्ख्या लढाया कोरल्यात त्याच लोकांनी.

खापरपणजी
@चहाटळ 😂 अगदी.

@मोडीवाला काका, भूमीचं मीही ऐकलंय आणि चित्रापुरतं कदाचित मान्यही करेन. पण लेखात काय लिहिलंय त्याचं काय करायचं? परळचा शिलाहार अपरादित्याचा शिलालेख घ्या, १२ व्या शतकाच्या शेवटचा. तिथे स्पष्ट ‘माय’ असा शब्द आहे. जो हे शासन लोपवेल त्याच्यावर वैद्यनाथ देवाचा भाला सहकुटुंब पडो आणि त्याच्या मायला गाढव... पुढचं क्रियापद असं आहे की आज कुणी टाइप केलं तर अकाउंट उडेल. भूमीला कुणी ‘त्याची माय’ म्हणत नाही हो.

आणि मला जास्त टोचतं ते वेगळंच. तो लेख संस्कृतात आहे. दान कुणी दिलं, कधी दिलं, सगळं संस्कृतात. मराठी कुठे येते? तर या शापात! म्हणजे जे कामाचं ते पंडितांच्या भाषेत आणि आईवरची शिवी तेवढी लोकांना नीट कळली पाहिजे. आपण मराठीचे जुने शिलालेख म्हणून छाती फुगवतो त्यातला एक हा आहे.

मोडीवाला
माय शब्द आहे, मान्य. पण तुम्हीच म्हणताय, आधी देवाचा भाला सहकुटुंब पडतो. म्हणजे शिक्षा सगळ्या घराला आहे, एकट्या आईला नाही. दुसरं उदाहरण देतो. अलिबागजवळ अक्षीचा लेख, शके ९३४ असं वाचन धरलं तर १०१२ सालचा. दान कशाचं, तर देवीच्या बोडणासाठी (पूजेचा एक विधी) नऊ कुवली (तेव्हाचं माप) धान्य, आणि त्यावर आण कुणाची, महालक्ष्मीची. म्हणजे त्याच कोकणात, त्याच शिलाहारांच्या राज्यात धाक बसवायला देवी पण चालत होती. एक दगड उचलून अख्खा समाज कसा होता ते ठरवू नका एवढंच म्हणतोय.

शिवाय आईवरून शिवी कुणाला लागते? ज्याला आई सगळ्यात जवळची त्याला. यात आईचा मान पण दिसतोच की.

चहाटळ
हो, ट्रॅफिकमधे रोज मान मिळतो आईला.

हैदराबादी_मराठी
इथे रुद्रमादेवीचं नाव निघालंय म्हणून लिहितो, ३० वर्षं तेलंगणात राहतोय, इकडे ती घराघरात माहीत आहे. काकतीय गणपतिदेवाला मुलगा नव्हता, त्याने मुलीलाच गादीवर बसवलं, साधारण १२६२ ते १२८९ तिने राज्य केलं आणि शेवटही कसा, तर नलगोंडा भागात चंदुपटलाला १२८९ चा लेख सापडलाय त्यात तिच्या आणि तिच्या सेनापतीच्या मृत्यूची नोंद आहे, म्हणजे म्हातारपणी सुद्धा बाई मोहिमेवर होती. मार्को पोलोने पण तिची तारीफ केलीय, फक्त तिला राजाची विधवा समजला, होती मुलगी. बाई गादीवर दिसली की ती कुणाची तरी विधवाच असणार असं त्याला वाटलं असेल.

आता आपल्या लोकांचा किस्सा. देवगिरीचा महादेव यादव तिच्यावर चालून गेला. काय झालं? तेलुगू परंपरा म्हणते तिने त्याला हरवलं, पार देवगिरीपर्यंत पिटाळलं आणि खंडणी घेतली. आणि आपला हेमाद्री, यादवांचा मंत्री, काय म्हणतो? त्याच्या व्रतखंड ग्रंथात राजाची प्रशस्ती, म्हणजे स्तुती, आहे, तिथे म्हणतो, महादेव बाईला मारत नाही म्हणून आंध्रांनी बाईला गादीवर बसवलं!! म्हणजे हरलो नाही, बाई होती म्हणून सोडलं. बिदरच्या किल्ल्यात तिच्या बाजूचा लेख सापडलाय, म्हणजे स्वारी या बाजूला बरीच आत आली होती, तरी ऐट बघा. ऑफिसात बाई बॉस झाली की कोट्यातून आली म्हणणारे आजही आहेत, त्यांचे हे पूर्वज.

माझा मुद्दा खापरपणजींच्या विरुद्ध आहे बरं का. राण्या मोजक्या होत्या पण त्या होत्या म्हणून हेमाद्रीसारख्याला सारवासारव करावी लागली. ते काहीच नाही का?

खापरपणजी
काहीच नाही असं नाही म्हणत. पण रुद्रमेचे लेख बघा ना, तिथे तिचं नाव काय? रुद्रदेव महाराज. पुरुषी नाव, पुरुषी बिरुदं. रझियाचं तेच, कबा (पुरुषी अंगरखा) आणि टोपी घालून हत्तीवरून दिल्लीत फिरायला लागली, साडेतीन-चार वर्षांत संपवली, १२४० मधे. आणि त्या काळचा इतिहासकार मिन्हाज, त्याने तिचे सगळे गुण मोजून दाखवले, न्यायी, उदार, फौज चालवणारी वगैरे, आणि वर म्हणतो पुरुषाच्या मापाने जन्मली नाही तर या गुणांचा उपयोग काय. बाईला गादी मिळत नव्हती हो, गादीवर बसायचं तर आधी बाईपण दाराबाहेर काढून ठेवावं लागत होतं. चपलेसारखं.

सह्याद्रीचा_पोर
किती निगेटिव्ह!! आपलं काही चांगलं असलं की लगेच खोदून घाण काढायची. युरोपात तेव्हा बायकांना चेटकीण म्हणून जिवंत जाळत होते त्यावर काढा ना धागा. आपल्याकडे देवी म्हणून पूजा होत होती.

वकीलीणबाई
@सह्याद्रीचा_पोर दादा, चेटकिणींचे बहुतेक खटले १५ व्या ते १७ व्या शतकातले. आपण १२ व्या-१३ व्या शतकाबद्दल बोलतोय. त्या शतकात इंग्लंडात १२१५ चा मॅग्ना कार्टा आला, त्यात विधवेला तिच्या मनाविरुद्ध लग्न करायला लावू नये असं लिहिलंय. (फार खूश होऊ नका, स्वतःहून करायचं असेल तर राजाची किंवा जहागीरदाराची परवानगी लागायची.)

आता आपल्याकडचं, कारण हा माझा रोजच्या कामाचा विषय आहे. इथे सगळे राणी आणि दगड यात अडकलेत, मधली जी बाई आहे, जिचं घर आहे, शेत आहे, ती कुठेय? तिचं सगळं ठरलं मिताक्षरेत, त्या काळच्या कायद्याच्या ग्रंथात. लिहिणारा विज्ञानेश्वर, कल्याणीला सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारात, म्हणजे साधारण ११०० च्या आसपास. माणूस स्त्रीधनाच्या बाबतीत चक्क उदार आहे. आधीच्या पुष्कळांचं म्हणणं आई-बाप, भाऊ, नवऱ्याने दिलेलं तेवढंच स्त्रीधन, हा म्हणतो वारशाने आलं, विकत घेतलं, वाटणीत मिळालं, तेही तिचंच. वाचताना बरं वाटतं. मग विधवेवर येतो. मुलगा नसेल तर नवऱ्याची मिळकत तिला, पण कधी, तर नवरा भावांपासून विभक्त असेल तर. एकत्र कुटुंब असेल तर दिरांना, तिला पोटगी.

आता तुम्हीच सांगा त्या काळात किती घरं विभक्त होती. एका ‘जर’ मधे सगळी मालमत्ता दिरांकडे. आणि हे १२ व्या शतकात संपलं नाही, बंगाल-आसाम सोडून जवळजवळ सगळीकडे १९३७ पर्यंत कोर्टात हेच चाललं. माझ्याकडे आजही बायका येतात, कागदावर नाव आहे का विचारलं की म्हणतात, दीर बघतात सगळं.

मोडीवाला
हे मला पटलं. दगडापेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे. पण मग सतीशिळा पण घ्या, कोपरात वाकलेला बांगड्यांचा हात, वर चंद्र-सूर्य, गावोगाव आहेत त्याही. दिरांच्या पोटगीवर जगायचं की...

वकीलीणबाई
हो. आणि त्या दगडावर फक्त हात असतो, बाकीची बाई नसतेच बऱ्याचदा.

रिद्धपूरकर
उशिरा आलो. सगळे राजे-राण्या-वकील बोलून झाले, आता आमच्याकडचं थोडं ऐका, कारण यात एक गोष्ट राहतेय.

महदाइसा, महानुभाव पंथातली. बालविधवा, म्हणजे वकीलीणबाई म्हणतात त्या पोटगीच्या रांगेतली. हेमाद्री देवगिरीला व्रतांचा जाडजूड ग्रंथ रचत होता त्याच सुमारास ही बाई पंथाचे संस्थापक चक्रधर यांच्या मागे गावोगाव फिरत होती आणि प्रश्न विचारून भंडावत होती. चक्रधर तिच्याबद्दल म्हणाले ते लीळाचरित्रात, म्हणजे त्यांच्या आठवणींच्या ग्रंथात, आहे, ‘म्हातारी जिज्ञासक, म्हातारी चर्चक’, सतत काही ना काही पुसतच असते. वैतागून नाही, कौतुकाने. विटाळाबद्दल पण तिथे सरळ उत्तर आहे, नाकाला शेंबूड येतो तसाच हा शरीराचा एक धर्म, त्यात विटाळ कसला. १३ व्या शतकात! आणि पुढे रिद्धपूरला चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या लग्नाच्या हौसेपायी तिने जे धवळे (लग्नगीतं) म्हटले त्यावरून तिला मराठीतली पहिली कवयित्री म्हणतात.

पण मला सांगायचंय ते खापरपणजींच्या त्या संस्कृत-मराठीच्या मुद्द्याला धरून. चक्रधरांनंतर पंथ नागदेवाचार्यांकडे आला. केशोबास हुशार पंडित, म्हणाला आपण संस्कृतात लिहू. तर नागदेवाचार्य म्हणाले, ‘नको गा केशवदेया, येणें माझिया म्हातारिया नागवतील’. माझ्या म्हाताऱ्या लुबाडल्या जातील, त्यांना काही कळणारच नाही. म्हणजे परळच्या दगडावर लोकांना शिवी कळावी म्हणून मराठी, आणि इथे शंभरेक वर्षांनी म्हाताऱ्यांना ज्ञान कळावं म्हणून मराठी. दोन्ही याच मातीत.

खापरपणजी
दादा, हे माहीत होतं तरी असं शेजारी ठेवून कधी बघितलं नव्हतं. थोडा वेळ गप्पच बसले.

तरी भांडण सोडत नाही. त्या म्हाताऱ्यांना हे सगळं मिळालं ते घर-दार, गाव, शेत सगळं सोडल्यावर. कन्नड संतकवयित्री अक्का महादेवीला पण नवरा आणि राजवाडा सोडूनच मिळालं. घरात राहून, चूल पेटवून, दिरासमोर उभं राहून कुणाला मिळालं ते दाखवा.

रिद्धपूरकर
जनाबाई. ती कुठेही गेली नाही. नामदेवाच्या घरी दळण-कांडण करत राहिली आणि भरल्या बाजारात डोईचा पदर खांद्यावर घेऊन जाईन म्हणाली.

वकीलीणबाई
पण घर तिचं नव्हतं ना. दासी होती.

रिद्धपूरकर
हं. तेही खरं.

सह्याद्रीचा_पोर
ओके चेटकिणीचं चुकलं माझं. पण तो दगड नक्की कुठे आहे? फोटो टाका की.

खापरपणजी
फोटो काढायला म्हणून आत्ताच आत्याला फोन केला, ती गावातच असते. म्हणाली, अगं ती गावदेवी आहे, दगड काय म्हणतेस, गेल्या जत्रेला नवीन शेंदूर लावलाय, आता खालचं काहीच दिसत नाही. मी म्हटलं शेंदूर कोण लावतं? तर म्हणे गावकरी. तू कधी लावलास का? तर म्हणाली, नाही बाई, बायकांनी तिच्या जवळ जायचं नसतं, सासूबाईंनी सांगितलं होतं. का ते विचारलंच नाही म्हणे कधी.

पुढच्या महिन्यात गेले की बघते. पदर खोचून जाईन म्हणतेय, फोटो आला तर टाकते.